आतून पुसता येणारी खिडकी

“ओ काका, आलाच आहात तर तेवढ्या काचा पुसून घ्या. पाहुणे यायला लागलेत.”

असं ती बाई माझ्या बापाला म्हणाली.

आवाज वाईट नव्हता तिचा. उलट गोडच होता. तिच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती, अंगावर जरीची साडी होती, कपाळावर घाम होता आणि मागं शंभर कामं होती. नवी पेठेत कापडाचं मोठं दुकान असलेलं घर. माझा बाप हॉलच्या मोठ्या खिडकीपाशी उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. एका हातानं तो खिडकीचा पल्ला हळू उघडत होता, हळू मिटत होता. बिजागरीवर आलेलं ग्रीस स्वतःच्या रुमालानं टिपत होता. म्हणून तिला वाटलं असेल. असला रापलेला माणूस आपल्या खिडकीशी दुसरं काय करणार? पुसायलाच आला असणार.

तो पुसायला आला नव्हता. मी बोलावलं म्हणून आला होता. मी त्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे. त्या खिडक्या आधी मी कॉम्प्युटरवर बनवल्या आणि मग त्यानं चिंचोळीच्या वर्कशॉपात लोखंडात बनवल्या. पोरीनं काढलेली, आपण जोडलेली खिडकी घराला बसल्यावर कशी दिसते, एवढंच बघायला तो आला होता.

मी चार पावलांवर उभी होते. शेजारी आमचे सर, म्हणजे ऑफिसचे मालक. बाईनं वळून मला विचारलं, “तुमच्या ओळखीचे आहेत का हे?”

मी म्हणाले, “हो. वर्कशॉपचे मिस्त्री आहेत.”

आण्णांनी ऐकलं. घरात आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कुणीतरी आणून दिलेलं फडकं हातात घेतलं आणि काच पुसायला लागले.

हे एका दिवसात झालं नाही. माणूस बापाला एका दिवसात नाकारत नाही, त्याची आधी सवय करावी लागते. माझी सवय कशी झाली ते सांगते.

आम्ही मूळचे करमाळा तालुक्यातले. आण्णा लग्नाच्या आधीच सोलापूरला आले आणि चिंचोळी एमआयडीसीत खिडक्या, दरवाजे, ग्रिल करणाऱ्या वर्कशॉपात वेल्डर म्हणून लागले. आई बंगल्यांत झाडलोट करायची. आमच्या भिंतीवर बुद्ध आहे, कपाटात पुस्तकं आहेत, आणि लहानपणापासून घरात एकच हुकूम, शीक. मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. पहिली आले. सात रस्त्याजवळ सरांचं ऑफिस होतं, तिथं मुलाखतीला गेले.

“पूर्ण नाव?” सरांनी विचारलं. सांगितलं. त्यांचं पेन आडनावापाशी थांबलं.

“गाव?” सांगितलं.

“करमाळ्याकडचे का? बरं.”

पुढं काही विचारलं नाही. पुढं विचारावं लागतच नाही. काम चांगलं होतं म्हणून ठेवून घेतलं. आठवड्यानं केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, “हे बघ, मी काही मानत नाही. पण आपले क्लायंट जुन्या वळणाचे आहेत. देवघराची मापं घ्यायला आत जावं लागतं. तू आपलं नुसतं नाव सांगत जा. आडनावाची काही गरज नसते.”

मी म्हणाले, “बरं सर.”

‘मी काही मानत नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या पुढच्या वाक्यात ‘पण’ असतोच. तेव्हा मला ते कळलं नाही असं नाही. कळलं. पण पहिली नोकरी होती. एसीतली होती. आई कॉलनीत सांगत फिरत होती की पोरगी टेबलावर बसून काम करते. मी आडनाव चपलांबरोबर दाराबाहेर काढायला शिकले. जाताना परत पायात घालायचं. तीन वर्षं असं चाललं. कितीतरी देवघरांत टेप घेऊन वाकले, प्रसाद घेतला, ‘साहेब, तुमच्याकडची पोरगी किती शांत आहे’ असं सरांना सांगणाऱ्या सासवा ऐकल्या. कुणाला काही कळलं नाही. मला वाटलं, एवढंच तर आहे. एवढ्यानं काय बिघडतं?

आता खिडकीचं सांगते.

ऑफिसात प्रत्येक घराला नवी खिडकी काढावी लागायची. चार फुटांची वेगळी, सहा फुटांची वेगळी. मला वाटलं, एकच खिडकी अशी करावी की नुसती रुंदी टाकली की बाकी सगळं तिचं तिनं जुळवून घ्यावं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला कंपोनंट म्हणतात. म्हणजे एकदा नीट घडवलेली वस्तू, जी कुठल्याही घरात नेऊन ठेवता येते.

पहिल्यांदा केली ती फजिती झाली. मी सगळी खिडकी एकसंध केली होती. चार फुटांची ओढून सहा फूट केली तर काचेबरोबर चौकटही ताणली गेली. दीड इंचाची पट्टी सव्वादोन इंच झाली, बिजागऱ्या लांबुळक्या झाल्या. ऑफिसातली पोरं म्हणाली, रबराची खिडकी. मी सगळं मोडलं. उभ्या पट्ट्या वेगळ्या, आडव्या वेगळ्या, पल्ला वेगळा, काच वेगळी, बिजागरी वेगळी. प्रत्येकीला नियम लिहून दिला. चौकटीनं लांब व्हायचं, जाड व्हायचं नाही. बिजागरीनं आपलं अंतर सोडायचं नाही. उरेल तेवढी जागा काचेनं भरायची. मग ती खिडकी ऐकायला लागली. क्लिक केलं की पल्ला उघडायचा. मला इतका आनंद झाला होता की मी तो पल्ला उगाच वीस-पंचवीस वेळा उघडला-मिटला.

रविवारी लॅपटॉप घरी नेला आणि आईच्या पत्र्याच्या पेटीवर ठेवला. आण्णा चष्मा लावून बसले. वेल्डिंगनं त्यांच्या डोळ्यांना सारखं पाणी येतं, म्हणून ते स्क्रीनकडं थोडं तिरकं बघतात.

“उघड बरं.” उघडली. “परत उघड.”

मग म्हणाले, “ह्ये खोटं हाय.”

“कसं काय?”

“पल्ला चौकटीत घुसतुया की. लोखंडात लोखंड कुटं घुसतं व्हय? पिन कुटं हाय तुजी?”

मी दाखवलं. पल्ला फिरण्याचा अक्ष मी पल्ल्याच्या कोपऱ्यातच ठेवला होता. सॉफ्टवेअर आपण सांगू तिथं फिरवतं. स्क्रीनवर लोखंडातून लोखंड आरपार जातं आणि कुणाची तक्रार नसते. सरांनीही बघितलं होतं, म्हणाले होते, “चालतंय, चित्रात कोण बघतंय.”

आण्णा उठले, पेटी उघडायला लावली आणि तळातून एक जुनी बिजागरी काढली. माझ्या हातात दिली. “पल्ला सोताभवती फिरत न्हाय, बाय. पिनभवती फिरतो. आन पिन पल्ल्यात नसती, भाईर असती. तुजी पिन भाईर काढ. आन काडतीच हायस तर चांगली चार बोटं काढ.”

“चार बोटं कशाला?”

त्यांनी आईकडं बघितलं.

आईचं उजवं मनगट वाकडं आहे. मी चौथीत असताना एका बंगल्यात ती दिवाळीची साफसफाई करत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीची बाहेरची बाजू आतून पुसता येईना. घरच्या बाईनं सांगितलं, छज्ज्यावर उतर की, काय होतंय. ती उतरली. ओल्या छज्ज्यावरून पाय सटकला आणि खाली वाळूच्या ढिगावर पडली, म्हणून जगली. त्या घरानं हळदीचं दूध दिलं आणि रिक्षात बसवलं. हाड वाकडं जुळलं ते तसंच राहिलं. तिला भाकरी थापता येत नाही. आमच्या घरात तेव्हापासून भाकरी आण्णा थापतात.

“जुन्या लोखंडी खिडक्यांना असायच्या अशा बिजागऱ्या,” आण्णा म्हणाले. “आता कुणी मागत न्हाय. पिन भाईर आली की उगडल्यावर मधी फट पडती. फटीतनं हात घालायचा, भाईरली काच आतनंच पुसायची. छज्ज्यावर कुणी चडायचं न्हाय.”

मी अक्ष बाहेर काढला. चार बोटं मोजून. पल्ला उघडला आणि चौकटीच्या शेजारी सरळ उभी फट पडली. आण्णा पहिल्यांदा हसले. मग मी टेप आणली आणि आईला म्हणाले, हात लांब कर. तिचा वाकडा हात जेवढा पोचतो तेवढं माप घेतलं. बावीस इंच. तेच मी पल्ल्याची सगळ्यांत जास्त रुंदी म्हणून लिहून टाकलं. खिडकी कितीही रुंद मागा, पल्ला बावीस इंचांच्या पुढं जात नाही. त्यापेक्षा जास्त जागा झाली की खिडकी स्वतःहून अजून एक पल्ला घालते. माझ्या आईचा हात जिथं पोचत नाही अशी काच त्या खिडकीत होऊच शकत नाही.

सोमवारी सरांना दाखवली. खूश झाले. मी म्हणाले, “सर, पिनचं माझ्या वडिलांनी सांगितलं. ते चिंचोळीत वेल्डर आहेत.”

“हो का? छान,” सर म्हणाले. प्रत्येक कंपोनंटला माहितीचा एक रकाना असतो, त्यात बनवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तो मी मोकळा ठेवला होता. सरांनी माझ्यासमोर त्यात ऑफिसचं नाव टाईप केलं. मग कापड दुकानवाल्यांच्या बंगल्याला हीच खिडकी ठरली, आणि काम आण्णांच्या वर्कशॉपला गेलं. माप द्यायच्या वेळी सर आण्णांना भेटले होते. हात मिळवला होता. म्हणजे त्या वास्तुशांतीला खिडकीशी उभा असलेला माणूस कोण आहे, हे सरांना चांगलं माहीत होतं.

तर आण्णा काच पुसत होते.

आतली बाजू पुसून झाली. मग त्यांनी पल्ला काटकोनात उघडला, फटीतून हात घातला आणि बाहेरची काच आतून पुसायला लागले. खिडकी बरोबर चालत होती. माझा कंपोनंट बरोबर चालत होता. ज्या कामासाठी ती केली ते काम तिच्यावर पहिल्यांदा माझ्या बापानं केलं.

“अय्या, आतून पुसता येतं की,” बाई म्हणाली. दोन-चार पाहुणे जमले. सर पुढं झाले. “खास आमच्या ऑफिसचं डिझाइन आहे,” म्हणाले. आणि आण्णांकडं वळून, “मिस्त्री, परत एकदा दाखवा.”

मिस्त्री. मी शिकवलेला शब्द. माझ्या तोंडातून निघाला आणि सरांनी उचलला.

आण्णांनी परत दाखवलं. पल्ला मिटला, उघडला, हात घातला. पाहुण्यांनी माना हलवल्या. मी सरबत पीत होते. लिंबाचं होतं, अजून चव आठवते.

मी का बोलले नाही? कारण त्या घरात आण्णांचं आडनाव माहीत होतं. वर्कशॉपच्या बिलावर यायचं, आणि खिडक्या बसवायला आलेली पोरं त्यांचा विषय निघाला की आडनावच घ्यायची. ‘हे माझे वडील’ म्हणाले असते तर ते आडनाव माझं झालं असतं. आणि त्या बाईच्या देवघराची मापं मी घेतली होती, आत बसून, देव हलवून. एका क्षणात हे सगळं डोक्यात आलं आणि मी बापाला बाजूला सरकवलं. भीती वाटली, एवढंच खरं आहे. बाकी कारणं मी नंतर शोधली.

जेवणाच्या रांगेत सर माझ्या मागं उभे होते. हळूच म्हणाले, “छान सांभाळून घेतलंस.”

मी म्हणाले, “थँक यू सर.”

आण्णा जेवले नाहीत. “पोटाला बरं न्हाय, म्या भाईर थांबतो,” असं कुणाला तरी सांगून गेटबाहेर माझ्या स्कूटीपाशी जाऊन उभे राहिले. उन्हात. मी जेवले. मठ्ठा दोनदा घेतला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण हे मला कुणी विचारणार नाही.

येताना ते माझ्या मागं बसले होते. सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलले. “बिजागरी हलकी फिरतीया. आवाज न्हाय.”

घरी आईनं विचारलं, “काय म्हनले लोक?”

“लई मान दिला,” आण्णा म्हणाले. “खुर्ची दिली बसाय. सरबत दिलं. खिडकी समद्यांना दावली.”

आईचा चेहरा असा फुलला. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. मग आण्णांनी परात घेतली, पीठ मळलं, तीन भाकरी थापल्या आणि तिन्ही एकट्यानं खाल्ल्या. पोटाला बरं नाही म्हणणारा माणूस. मी समोर बसून बघत होते आणि मला रडायचीही लाज वाटली. त्यांचा रुमाल ग्रीसनं काळा झाला होता. तो धुवायला मी घेतला, तर म्हणाले, राहू दे.

तरीही मी नोकरी करत राहिले. नुसतं वाईट वाटून कोण काय सोडतंय? माझंही तसंच झालं.

आठेक दिवसांनी सरांनी मला पुढच्या कामाची मापं तपासायला चिंचोळीला पाठवलं. पूर्वी मी वर्कशॉपात गेले की आण्णा हातातलं काम टाकायचे. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “माजी पोरगी. कॉम्प्युटरवर घरं काडती.” माझ्या नावानं सगळ्यांना चहा व्हायचा. मला कानकोंडं व्हायचं, मी म्हणायचे, आण्णा, पुरे की.

त्या दिवशी एक नवा वेल्डर लागला होता. त्यानं आण्णांना विचारलं, “ह्या कोण?”

आण्णा म्हणाले, “हापिसातल्या मॅडम हायत. मापं बगाय आल्यात.”

मग माझ्याकडं वळून, “बसा मॅडम.” आणि खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची पुसली.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. राग शोधत होते. टोमणा शोधत होते. सापडला असता तर बरं झालं असतं, मी तिथंच पाय धरले असते. पण राग नव्हता. त्या तोंडावर नुसती काळजी होती की आपलं काही चुकलं तर नाही ना. पोरीला नोकरीसाठी हे लपवावं लागतंय, एवढं त्यांना त्या दिवशी समजलं होतं, आणि त्यांनी ते मनापासून पाळायला घेतलं होतं. लोखंडाचं माप पाळावं तसं. मी एकदा नाकारलं होतं. ते आता माझ्यासाठी रोज नाकारणार होते.

मला त्या खुर्चीवर बसता आलं नाही. मागं भंगाराचा ढीग आहे, तिथं जाऊन रडले. आतून वेल्डिंगचा आवाज येत होता. त्या आवाजात मोठ्यानं रडलं तरी चालतं.

महिनाभरानं सरांचं एका हॉलमध्ये भाषण होतं. शहरातले आर्किटेक्ट, इंजिनियर, बिल्डर. सरांना त्यांच्यासमोर ती खिडकी मांडायची होती. कापड दुकानवाले नवरा-बायकोही पहिल्या रांगेत होते, कारण पडद्यावर त्यांचा बंगला दाखवायचा होता. मी कोपऱ्यात लॅपटॉपवर. “ही आमची ऑपरेटर,” सर म्हणाले. मी चार फूट टाकलं, आठ फूट टाकलं, पल्ले आपोआप वाढत गेले, उघडत गेले. टाळ्या झाल्या.

एक म्हातारे निवृत्त इंजिनियर उभे राहिले. “पल्ला बावीस इंचांवरच का थांबतो? चोवीस का नाही?”

“ते अर्गोनॉमिक्स आहे, माणसाच्या अंगाच्या मापांचं शास्त्र,” सर म्हणाले.

“हो, पण माप कुणाचं?”

सरांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ते माझ्याकडं बघून म्हणाले, “सांग गं.”

मी उभी राहिले.

“माझ्या आईच्या हाताचं माप आहे,” मी म्हणाले. “ती काचा पुसताना छज्ज्यावरून पडली. हात मोडला. तो हात बावीस इंच पोचतो. पिन बाहेर काढायची माझ्या वडिलांनी शिकवली. ते चिंचोळीत वेल्डर आहेत.”

मग मी आण्णांचं नाव घेतलं. पूर्ण. आडनावासकट. ते आडनाव त्या हॉलमध्ये पडलं. मला वाटलं होतं हे शब्द उच्चारताना जीभ अडेल. अडली नाही.

मग मी पहिल्या रांगेतल्या बाईकडं बघून म्हणाले, “तुमच्या वास्तुशांतीला काचा पुसल्या ते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी मिस्त्री म्हणाले. खोटं बोलले. ते माझे वडील आहेत. आणि तुमच्या देवघराची मापं मी घेतली आहेत.”

बाईनं पदर सावरला. नवऱ्यानं सरांकडं बघितलं.

“थँक यू. बस आता,” सर म्हणाले.

मी बसले ते लॅपटॉपसमोर. माहितीचा तो रकाना उघडला. पडद्यावर सगळ्यांना दिसत होता. त्यातलं ऑफिसचं नाव पुसलं. आईचं नाव लिहिलं, आण्णांचं लिहिलं, दोन्हीपुढं आडनाव. माझं लिहिलं नाही. माझं लिहायचा मला हक्क नव्हता. मग पर्स उचलली.

सर जिन्यात गाठून म्हणाले, “मी कधी काही मानलं का सांग. लपवत तर तूच होतीस.”

हे मला लागलं. कारण ते खरं होतं. त्यांनी दार दाखवलं होतं, पण त्यातून वाकून गेले ती मी. मी म्हणाले, “हो. लपवत होते. आता नाही लपवणार.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

“येणार नव्हतेच.”

घरी गेले तेव्हा आण्णा भाकरी थापत होते. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांचा हात परातीतच थांबला. “कशाला बोललीस? म्या कुटं काय म्हनलो तुला? नोकरी गेली न्हवं.” आई आपलं मनगट पदराखाली घेऊन म्हणाली, “माजा हात लोकांत कशाला काडलास?” कुणी मला जवळ घेतलं नाही. तव्यावरची भाकरी करपली.

त्याला आता वर्ष होत आलं. मी घरूनच जुन्या लॅपटॉपवर लहान कंत्राटदारांची कामं करते. सरांनी त्यांच्या कॉम्प्युटरवरून आईबापाचं नाव पुसलं असेल, नक्कीच पुसलं असेल. मी वर्कशॉपात गेले की आता आधी मीच बोलते, “ह्ये माजे वडील हायत.” सगळ्यांना माहीत झालंय. पण कुणी परका माणूस आत आला, जरा चांगल्या कपड्यातला, की आण्णा अजूनही दचकून म्हणतात, “मॅडम, जरा बाजूला सरा, ठिणगी उडंल.” त्यांना ते समजत नाही. जीभ सरावली. मी ते शब्द एकदा त्यांच्या अंगावर घातले, ते आता काढता येत नाहीत. मागं एका घराच्या वास्तुशांतीला विचारलं, “आण्णा, येता का?” म्हणाले, “न्हाय. तू जा.” पांढरा शर्ट पेटीत घडी करून ठेवला आहे. त्यांनी परत घातला नाही.

ते माफ करतील का, हे मी विचारत नाही. त्यांच्या मते माफ करण्यासारखं काही झालंच नाही, आणि हेच मला आयुष्यभर पुरणार आहे.

मी एवढंच करणार. कुणाच्याही घरात पाय टाकला की आधी आडनाव सांगणार, मग टेप काढणार. देवघर दाखवायचं असेल तर त्यानंतर दाखवा, नसेल तर मी अंगणातून परत जाईन. आणि मी केलेल्या प्रत्येक खिडकीत त्या दोघांचं नाव असणार, आडनावासकट, पुसता येणार नाही अशा जागी. घरमालक म्हणाला, बाकी सगळं छान आहे, तेवढं नाव काढा, तर खिडकी मिळणार नाही. त्यानं तिथं भिंत बांधावी.